चिमणाबाई स्टुलावरून उतरत नाही

कोल्हापूर,
एप्रिल २००२

राजमान्य राजश्री शिवकुमार दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे विरूपाक्षचा, नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा उभ्याउभ्या घातलेला गोड मानून घ्यावा. तुमचा दमा कसा आहे? लग्नसराईत एका दिवसात दोन-दोन वराती वाजवता असं कानावर येतं. फुंकणाऱ्या माणसाने छातीला जपावं. शिवलीलाला सांगा की तिच्या भावाला कुठल्याही जनावराने खाल्लेलं नाही, आणि खाईल असं जनावरही आता हाताशी राहिलेलं नाही. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे क्षेम काहीच नाही, ते पुढे येईलच.

तुम्ही वेळेवर आमच्या सर्कशीचा बँड सोडून जयसिंगपूरला स्वतःचा ब्रास बँड काढलात, ते शहाणपणाचं झालं. लग्नं लावायला कोर्टाची बंदी नाही. (असायला हवी होती असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण ते सगळे लग्न झालेले असतात.) आमच्यावर मात्र वरवंटा फिरला. सर्कशीत वाघ, सिंह, अस्वल, माकड यांचे खेळ करायचे नाहीत हे दिल्लीच्या कोर्टाने कायम केलं आणि एके सकाळी सरकारी ट्रक तंबूसमोर येऊन उभे राहिले. आमचे मालक हंबीरराव मिशीला पीळ देत पुढे झाले आणि ट्रकवाल्यांना चहा पाजून मागे आले. दुसरं काय करणार? वाघ एकीकडे गेले, अस्वलं दुसरीकडे. आता सर्कशीत उरलेत ते पोपट, कुत्री आणि आम्ही. उभं आयुष्य सिंहाच्या जबड्यासमोर काढलेला तुमचा मेहुणा आता तोच जरीचा कोट घालून पोपटाला सांगतो की बाबा, तोफ उडव. पोपट ऐकत नाही. तोफ कधी उडते, कधी उडत नाही, आणि पब्लिक दोन्ही वेळा माझ्याकडे बघून हसतं.

आपल्या चिमणाबाईला मात्र कुणी घेईना. सिंहीण म्हातारी, सुळे झिजलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू आलेला. (तिचं नाव चिमणाबाई का, असं ट्रकवाल्यांनीही विचारलं. कबनूरच्या मुक्कामात जन्मली तेव्हा ओंजळीत मावत होती म्हणून हंबीररावांनी ठेवलेलं नाव. मोठी झाल्यावर बदलायचं राहून गेलं.) शेवटी इथल्या एका नव्या वन्यजीव उद्यानाच्या गळ्यात तिला बांधलं. हे उद्यान राधानगरीच्या रस्त्याला, शहर संपून ऊस सुरू होतो तिथे आहे. तिथले साहेब शिकलेले, मनाने वाईट नाहीत, पण त्यांचा सगळा जीव नव्या प्रजातींत अडकलेला. फाटकाशी भिंतीएवढा फलक आहे आणि त्यावर जिराफ, झेब्रा, पाणघोडा, शहामृग अशी चित्रं आहेत. प्रत्यक्षात आत चितळं, मोर, एक साळिंदर आणि एक मगर. (मगर जिवंत आहे की नाही यावर तिथल्या नोकरांत दोन पक्ष आहेत.) जिराफाचं घर मात्र बांधून तयार आहे, दुमजली उंच. सध्या त्यात वैरण ठेवतात आणि ती वरच्या खिडकीतून बाहेर डोकावते, तेव्हा लांबून बघणाऱ्याला जिराफ आल्यासारखं वाटतं.

त्या फलकावर आफ्रिकेच्या सिंहांची जोडीही आहे. म्हणून मी मोठ्या आशेने साहेबांना म्हटलं की निम्मी जोडी तर आली. त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. त्यांच्या योजनेत आफ्रिकेचा सिंह होता, ही कबनूरची निघाली. शिवाय सर्कशीतून आलेली, म्हणजे वापरलेला माल. मला त्यांनी स्पष्ट बजावलं की रिंगमास्तर माणसाने जनावराजवळ फिरकायचं नाही, कायद्याने तुम्ही छळ करणारे लोक. दाजी, मला राग आला. तुम्हाला माहीत आहे, मी तिच्या अंगाला कधी चाबूक लावला नाही, हवेतच वाजवला. पण सर्कशीच्या पिंजऱ्यात ती वळायची म्हटलं की शेपूट गजाला घासायची, हेही मी रोज बघत होतो. तेव्हा तिकिटाच्या खिडकीवर तिकीट काढून, साळिंदर बघायला आलेल्या पोराटोरांच्या गर्दीत उभं राहून, मी माझ्या सिंहिणीची चौकशी करू लागलो.

तिला मोकळं कुंपण दिलं होतं, तेही चांगलं ऐसपैस. गवत, झाड, पाण्याचं टाकं. मागे लोखंडी खोली. रोज सकाळी खोलीचं दार वर ओढायचे आणि तिने बाहेर यावं म्हणून वाट बघायचे. ती यायची नाही. तिथला राखणदार गुंडू, हा भला माणूस, मला कुंपणाच्या कडेला गाठून म्हणाला, “पावणं, ही बया भायेर यीतच न्हाय बगा. दार उघडलं की दाराकडं पाठ करून बसतीया. खाणं बी टाकलंय.” साहेबांचं म्हणणं, हळूहळू सवय होईल. मला कारण ठाऊक होतं. जन्मापासून तिच्यासाठी दार उघडलं की पुढे जाळीचा बोगदा, बोगद्यापुढे रिंगण आणि रिंगणात तिचं स्टूल. नुसतं गवत कशासाठी असतं हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. तिला जागा दिली होती, पण बसायचं कुठे ते सांगितलं नव्हतं.

मग मी जे केलं ते सर्कशीतला माणूसच करू जाणे. गोदामातून तिचं लाल-पिवळ्या पट्ट्यांचं लोखंडी स्टूल काढलं, पोत्यात गुंडाळलं आणि भाड्याच्या टेम्पोतून उद्यानात नेलं. साहेब झेब्र्याच्या मंजुरीसाठी पुण्याला गेले होते. ती आत कोंडलेली असताना गुंडूने कुंपणाचं फाटक किलकिलं केलं, आम्ही दोघांनी स्टूल बरोबर मधोमध मांडलं, बाहेर आलो आणि खोलीचं दार ओढलं. दाजी, ती आली! थोडी लंगडत, पण मान वर करून, सरळ चालत आली, स्टुलाला एक फेरी घातली आणि चढून बसली. पंजा उचलला. कुंपणाभोवती जमलेल्या लोकांनी अशा टाळ्या पिटल्या की मोर ओरडायला लागले. मी गुंडूला मिठी मारून रडलो. (गुंडूही रडला, पण त्याला मिशांत काहीतरी गेलं होतं असं तो म्हणतो.) नंतर आम्ही दोघं चहाला गेलो. सिंहीण आता बाहेर आली, खाईल-पिईल, झाडाखाली पडेल, अशी माझी पक्की समजूत.

चहा पिऊन आलो, ती स्टुलावरच. दुपार झाली, ती स्टुलावरच. एप्रिलचं ऊन तुम्ही जाणता. स्टूल लोखंडी, सावली हातभर लांब, पाण्याचं टाकं त्याहून थोडं पुढे, आणि ही जीभ बाहेर काढून बसलेली. पब्लिक खूश होतं. साळिंदराकडे कुणी बघेना. संध्याकाळी साहेब आले, आधी माझ्यावर उखडले, मग तिकिटाच्या खिडकीसमोरची रांग बघून जरा सावकाश उखडले. ते म्हणाले, “इथे प्राण्यांनी नैसर्गिक वर्तन करायचं असतं. स्टूल हे नैसर्गिक वर्तन नाही.” मी म्हटलं, तिला तसं सांगून बघा. गुंडूने खाली मांस टाकलं, तिने नाकपुड्या हलवल्या आणि नजर फिरवली. हेही मीच शिकवलेलं. वासाला भुलून स्टूल सोडणारं जनावर रिंगणात माणूस मारतं, तेव्हा स्टुलावर असताना खाण्याकडे बघायचं नाही हा पहिला धडा. मग पाण्याची नळी मारली. तिने डोळे मिटून घेतले आणि भिजत बसली.

रात्र तिने तशीच काढली. आज सकाळी डॉक्टर आले. बेशुद्धीचं औषध द्यायचं म्हटलं तर या वयात ती पुन्हा उठणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी आत जातो म्हटलं, तर साहेब म्हणाले की रिंगमास्तरला आत सोडलं तर माझी नोकरी जाईल आणि तुम्हाला तुरुंग. दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. गुंडू मला बाजूला घेऊन म्हणाला, “आता तिची मान हलाय लागलीया. आजचा दिस काढंल, उद्याचं कायबी सांगता येत न्हाय.” मी इकडे तिकिटाच्या खिडकीमागच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. पुढचे दोनचार मोठे परिच्छेद हंबीररावांच्या पोटदुखीवर आणि पोपटाच्या उर्मटपणावर लिहायचा विचार होता, पण ते राहू द्या.

थोरांना दंडवत, धाकट्यांचे गालगुच्चे, आणि शिवलीलाला तिच्या हातची कटाची आमटी मला अजून आठवते एवढं सांगावं.

आपला,
विरूपाक्ष

ता. क. – मुख्य मजकूर वर लिहायचा राहिला, कारण तो लिहायला जड जातो. दाजी, चढ, बस, पंजा उचल, डरकाळी फोड, हे सगळं चिमणाबाई माझ्या शब्दावर करायची. उतरायची मात्र माझ्या शब्दावर कधीच नाही. खेळाच्या शेवटी मी तिच्याकडे पाठ करून पब्लिकला मुजरा करायचो, (त्या पाठ फिरवण्याचंच तर पोस्टर होतं) आणि पाठ फिरवलेला माणूस हुकूम काय देणार? तिला उतरायची खूण तुमच्या क्लॅरोनेटची होती. धून संपली की ती खाली. काल कुंपणाशी उभा राहून मी घसा बसेपर्यंत ओरडलो, तिने नुसती मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग ती धून शिटीवर वाजवायला गेलो, तर मला ती येईना. इतकी वर्षं रोज माझ्या पाठीमागे वाजत होती आणि मला तिची पहिली ओळसुद्धा आठवत नाही. त्या वेळी टाळ्या पडत असायच्या, आणि मी टाळ्याच ऐकत होतो. तुमच्या दुकानात फोन केला, कुणी उचलला नाही, सगळे वरातीला गेले असणार. हे पत्र जयसिंगपूरच्या शेवटच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे देतो आहे. मिळेल त्या वाहनाने, रात्रीतून, क्लॅरोनेट घेऊन या.

ता. क. दुसरा – साहेब आत वाजवू देणार नाहीत. भिंतीबाहेर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे, तिथे उभं राहून वाजवा. रस्ता सगळ्यांचा आहे. कुणी हटकलं तर वरात पुढे गेली आणि आम्ही मागे राहिलो असं सांगू. तुमच्या ढोलवाल्याला मात्र आणू नका. त्याने एक टिपरू जास्त टाकलं तर ती पुन्हा पंजा उचलेल.

ता. क. तिसरा – स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती. क्षेमकुशल आणि जिराफाची वैरण लिहिण्यात वेळ गेला. सकाळच्या गाडीला पत्र द्यायचं म्हणून खिशात ठेवलं आणि उजाडताना उद्यानाकडे गेलो. चिमणाबाई स्टुलावर नाही. गुंडू सांगतो, पहाटे ती पुढच्या पायांवर मान टाकून झोपली आणि झोपेतच कलंडली. आज साहेबांनी मला अडवलं नाही. आत जाऊन मी तिचा पंजा सरळ केला, साहेब बराच वेळ शेजारी उभे होते. दुपारी अधिकाऱ्यांसमोर जाळतील. तोवर तुम्ही पोचत नाही. तरी दाजी, क्लॅरोनेट घेऊन याच. ती धून एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवा. टाळ्या वाजवायला कुणी नसेल, म्हणजे मला नीट ऐकू येईल.