बटणावरचा माणूस

लांजा,
१३ ऑक्टोबर २०२४

चि. वेदिका,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. भात कापणीला आलंय, पण पाऊस हटायचं नाव घेत नाही. आईच्या गुडघ्यांचं रडगाणं चालूच.

तू फोनवर प्रयोगशाळेतलं काम समजावलंस, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. टेलिफोन खात्यात बावीस वर्षं काचेच्या तारा जोडल्या मी, पण त्यातला उजेड थोपवता येत नाही, हे ठाऊक नव्हतं. थांबवायचा तर तारेच्या वेटोळ्यात फिरवत ठेवायचा. दोनशे मीटर फिरवला की सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढा उशीर. मग जोडपेटीत मी जादा तार गुंडाळून ठेवायचो, तेव्हा लोकांचे फोन मीच रखडवत होतो की काय? हसू नकोस, उत्तर दे. आणि जास्त फिरवला तर उजेड मंदावतो म्हणालीस, तो किती?

दुसरा तो फिल्टर. एका तारेतून इतके रंग येतात, तो एकच पुढे सोडतो. जरा तापवला की दुसरा. मी विचारलं, कुठला सोडायचा हे त्याला कळतं कसं? तू म्हणालीस, "बाबा, त्याला काही कळत नाही. ठरवतो तो बटणावरचा माणूस."

ते वाक्य मनातून जात नाही. म्हणून हे पत्र.

तुझ्या सम्यकचे वडील दत्ताराम लग्नाची मागणी घेऊन आले, तेव्हा मी म्हटलं, देवीच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावून कौल घेतो, उजवी आधी पडली तर हो, मग कळवतो. आठवड्याने तुला सांगितलं, डावी पाकळी पडली, देवीची इच्छा नाही. सम्यकला नकार तूच कळवलास. यंदा गणपतीलाही आली नाहीस, आणि फोनवर फक्त कामाचं बोलतेस.

वेदू, मी देवळात गेलोच नव्हतो. उजवी पडली तर काय करू, याची भीती वाटली. बौद्धांच्या घरात मुलगी दिली तर भावकी काय म्हणेल, एवढंच डोक्यात. नकार माझा होता, नाव देवीचं लावलं. माझी मलाच लाज वाटते.

काल दत्तारामांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. माझा होकार आहे, तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सम्यक दुसरी मुलगी बघायला तयार नाही. पण आता तुमचा होकार नको. पोरीचं काय ते कळू दे."

तर ते त्यांनाच कळव. मला नाही कळवलंस तरी चालेल.

तुला देवीच्या नावाने फसवणारा,
तुझा बाबा