घरघरीतली आठ आवर्तनं

३ नोव्हेंबर १९८४

लोरांतला दिला! म्हातारा वसंतात निवृत्त होणार आणि जॅझ पियानोचा वर्ग लोरांतला! काल आलेला पोर! मी त्याच्या हाताखाली बारा वर्षं घासतेय, त्याचं काही नाही.

सगळ्या शिक्षकांसमोर, कॉफी ढवळत म्हणाला, "गिझी शिकवते उत्तम. पण तिच्यात स्वतःचं असं काही नाही."

स्वतःचं! विसाव्या वर्षी माझ्या तीन रचना घेऊन याच माणसाकडे गेले होते. त्याने वाचल्या, फाडल्या आणि तुकडे माझ्याच हातात दिले. "त्या अमेरिकनाची ती आठ आवर्तनं ऐकलीस ना? त्यापुढे लिहायचं काय उरलंय? मी लिहीत नाही, तूही लिहू नकोस." त्यानंतर मी एक ओळ लिहिलेली नाही. आधी पाय तोडायचे आणि मग लंगडी म्हणून नावं ठेवायची!

तोंडावर "बार्कोत्सी सर" म्हणावं लागतं. इथे म्हाताराच म्हणणार.

४ नोव्हेंबर

रात्रभर डोक्यात त्याला उत्तरं दिली. एकाहून एक. काल एकही सुचलं नाही.

६ नोव्हेंबर

कहर म्हणजे त्याच्या गौरवपत्रिकेचा मजकूर मीच लिहायचा! लिहितेय. पंधराव्या वर्षी हॉटेलात वाजवायला लागला. जॅझ हा शब्द उच्चारायची बंदी होती, तेव्हा तेच "नृत्यसंगीत" म्हणून वाजवलं. वॉर्सा, प्राग, चार रेकॉर्ड. देशातला पहिला जॅझचा वर्ग उभा केला. सगळं खरं. स्वतःची रचना — एकही नाही. हे लिहायचं नसतं म्हणे.

९ नोव्हेंबर

आज तोच तमाशा. नव्या मुलीने त्या आठ आवर्तनांत दोन सूर आपल्या मनाचे घातले. धाडकन झाकण आपटलं! बोटं थोडक्यात वाचली पोरीची.

"त्या माणसाच्या सुरांना हात लावायचा नाही!"

मग दरवर्षीची कथा. सत्तावन्नचा हिवाळा. परदेशी स्टेशन चोरून लावलेलं, रेडिओवर दुलई, दाराशी त्याची बायको, मार्गित काकू, पहाऱ्याला. अमेरिकेतल्या कुठल्याशा क्लबातला कार्यक्रम. कोणीतरी खोकतो, ग्लास फुटतो आणि तो अमेरिकन पियानोवर एकटा सुटतो. उसन्या टेपरेकॉर्डरवर ते धरलं, टेप झिजून तुटेपर्यंत ऐकलं, सुरासूर उतरवून काढलं. तेव्हापासून प्रवेशाला येणाऱ्या प्रत्येकाला ते तोंडपाठ लागतं. मधली आठ आवर्तनं म्हणजे तर देव्हारा.

आज एक वाक्य नवीन बोलला. "कोरा कागद पुढे घेतला की तो माणूस पाठीमागे येऊन उभा राहतो. भीती वाटते."

वाटू दे. मला तुझी वाटते, तेव्हा कोणी विचारलं?

११ नोव्हेंबर

मार्टोन संताचा सण. मावशीकडे भाजलेला हंस, नवी वाईन. मावसभाऊ येनो व्हिएन्नाहून आला तो हसतच. "गिझी, तुझा अमेरिकन सापडला बघ! जुन्या बाजारात, एका खोक्याच्या तळाशी." त्याच कार्यक्रमाची रेकॉर्ड! किती वर्षं येनोच्या मागे लागले होते तिच्यासाठी.

जेवण टाकून लावली. खोकला आला. ग्लास फुटला. सुरू झाला तो! अगदी जसंच्या तसं, म्हाताऱ्याचा कान मानला पाहिजे. आणि त्या आठ आवर्तनांच्या जागी —

काही नाही. अमेरिकन दोन सूर टाकतो आणि थांबतो. बास वाजवणारा आपला चालत राहतो. आठ आवर्तनं संपतात, की गडी परत वाजवायला लागतो.

पुन्हा लावली. पुन्हा लावली. मावशी म्हणाली, "वेड लागलं काय पोरीला, हसतेस काय?"

सापडला! इतकी वर्षं आम्हाला ज्याच्या नावाने झोडपलं, तो माल म्हाताऱ्याच्या घरचाच!

१५ नोव्हेंबर

ठरलं. तेवीसला केलेमेनचा नामदिन. म्हाताऱ्याचं नाव तेच, म्हणून त्या दिवशी जुने-नवे सगळे विद्यार्थी बाटल्या घेऊन त्याच्या घरी जमतात. लोरांतही येणार. सगळ्यांसमोर लावणार. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

संध्याकाळी दोन्ही वाजवून पाहिलं — आधी अमेरिकनाचे दोन सूर आणि गप्प बसणं. मग म्हाताऱ्याची आठ आवर्तनं.

म्हाताऱ्याची सरस आहेत. पुष्कळच सरस. मेल्याची!

हे इथेच राहील.

१९ नोव्हेंबर

लोरांत माझ्या देखत पियानो कुठे सरकवायचा याचं माप घेत होता. "गिझी ताई, तुमचं टेबल खिडकीशी चालेल ना?" चालेल बाबा. तुझ्या देवाचं विसर्जन होऊ दे आधी.

२३ नोव्हेंबर

करून आले.

घर गच्च भरलेलं. मार्गित काकूंनी खसखशीचे रोल कापून ठेवलेले, पालिंका दारूचा दुसरा फेरा चाललेला. मी म्हटलं, "सर, तुमच्यासाठी भेट आणलीय. तुमचा अमेरिकन."

म्हाताऱ्याने रेकॉर्ड स्वतः काढली, बाहीने पुसली, स्वतः लावली. सगळे उभे राहिले, चर्चमध्ये राहतात तसे. खोकला आला तसा तो हसला. ग्लास फुटल्यावर बोट वर केलं — "आता ऐका!" पुढे ते सगळं आलं, आणि मग ती जागा आली. दोन सूर. आणि नुसता बास.

त्याचं बोट वरच राहिलं.

लोरांतच पहिला हसला. "सर, अमेरिकन आठ आवर्तनं विसरला वाटतं!" मग सगळे हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "मग आमची बोटं कोणासाठी मोडली होतीत, सर?" वर्षानुवर्षांची मळमळ एकदम बाहेर पडली.

मजा आली. खोटं कशाला लिहू? फार मजा आली.

मग त्याने रेकॉर्ड पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही लावली. काकू सुरी हातात घेऊन दारात आल्या. "मी तेव्हाच म्हणत होते की नाही? टेपवर त्या जागी सरकारी घरघरच होती. बाहेरची स्टेशनं ऐकू येऊ नयेत म्हणून सोडायचे ना, तीच. कानाला भोकं पडायची. आणि हा आपला हिवाळाभर त्यावर कान लावून — थांब मार्गित, येतंय, येतंय, आतून वाजवतोय तो!"

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. चोर सापडला की त्याचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे. हे तसं नव्हतं. ती आवर्तनं आपलीच आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"जेवून घ्या सगळ्यांनी," म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला. दार लावून घेतलं. निघताना काकूंनी मला रोल बांधून दिला. नको म्हणता येईना.

२४ नोव्हेंबर

लोरांत म्हणतो, प्रवेशपरीक्षेतून तो तुकडा काढूनच टाकू. "खोटं नाणं आहे ते, ताई."

मी म्हटलं, "मग तू पाड की एखादं तसं! कोणी हात धरलाय?"

हे मी का बोलले? माझा काय संबंध? त्या थेरड्याची बाजू घ्यायला माझं डोकं फिरलंय का?

रोल टाकवला नाही. खाल्ला.

२६ नोव्हेंबर

म्हातारा शाळेत आला नाही. त्याचा तास मीच घेतला. नव्या मुलीने विचारलं, "ती आठ आवर्तनं वाजवू की नको?" वाजव म्हटलं. तिने त्या दिवशीसारखेच दोन सूर आपल्या मनाचे घातले. झाकणाकडे माझा हात गेला होता. मागे घेतला.

२६ नोव्हेंबर

सकाळी फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"गिझी, मग इतकी वर्षं मी भीत होतो ते कोणाला?"

"तुम्हालाच, सर."

त्याच्या मागे काकू नळाखाली भांडी घासताना ऐकू येत होत्या.

"आणि तू?"

"मीही तुम्हालाच," म्हटलं, आणि रडू फुटायच्या आत फोन आपटला.