डावखुरे रिवेट

प्रिय छोट्या,

अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, डाव्याने लिहितेय. तू डावखुरा म्हणून लहानपणी तुला किती चिडवायचे मी! आता फेडतेय.

गोदीतल्या त्या बोटीचं नवं इंजिन तपासायला मी तपासनीस म्हणून खाली इंजिनघरात उतरले होते. ज्या इंजिनाचा धूर मर्यादेत, त्यालाच कारखाना स्वतः पाटी ठोकून देतो आणि तेच बोटीत बसवायचं, एवढा साधा नियम. पाटी कोरीकरकरीत होती. इंजिन मात्र जुनाट, वरून रंग फासलेलं. मग पाटी ज्यांनी ठोकली होती ते रिवेट पाहिले. चारही डोकी एकाच बाजूला कललेली, डाव्या हाताने ठोकलेली. असा ठोका अख्ख्या गोदीत एकाचाच. बाबा त्यावरून तुला रोज शिव्या घालायचे. अरे, इंजिनघरातल्या धुरानेच बाबा शेवटची दोन वर्षं बसून झोपले ना रे? त्यांच्या पाठीला उशी लावायला तूच तर उठायचास!

मी फोटो काढले. तेवढ्यात मुकादम दोन माणसं घेऊन आला, कॅमेरा मागायला लागला. नाही म्हटलं. त्याने हातभर लांबीचा पाना घातला, मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसऱ्याने केस धरून माझं तोंड इंजिनावर आपटलं, एकदा नाही, तीनदा. दोन दात तिथेच पडले. इंजिनाचा ताजा रंग अजून कानामागे चिकटलाय. मीही एकाच्या अंगठ्याचा लचका तोडला, मी काय गप्प बसणार होते होय! मग शिडीकडे सरपटले. वर डेकवर जायच्या तोंडाचं झाकण उघडं होतं, आणि तिथे तू उभा होतास. मी जीव तोडून तुझं नाव घेतलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि झाकण लावलंस.

इथे इस्पितळात दिलेल्या जबानीत मी पाना सांगितला, मुकादम सांगितला. पाटी कोणी ठोकली, झाकण कोणी लावलं, असं विचारल्यावर मात्र चक्कर आल्याचं सोंग केलं. उद्या दहाला हवालदार पुन्हा येणार आहेत, आणि उद्या सोंग करायचं नाही असं मी ठरवलंय. म्हणून हे पत्र. त्याआधी ये, आपल्या तोंडाने सगळं सांग, मी शेजारी बसेन. फार राग आहे रे तुझा, तरी खाटेजवळची खुर्ची रिकामी ठेवलीय. नाही आलास, तर खालून घेतलं होतं तेच नाव मी पुन्हा घेईन.

अजूनही तुझीच,
ताई