आत्याबाईंचं मीठ

आत्याबाई,

काल धाकट्या नातसुनेला डॉक्टरांनी गळ्यातल्या ग्रंथीसाठी गोळी लिहून दिली. ती ते सांगत होती आणि मी मध्येच विचारलं, "तुला मीठ फार खावंसं वाटतं का गं? उठून उभं राहिलं की अंधारी येते का?" सगळे हसले. तिला दारात उजेडाला नेऊन तिच्या हिरड्या पाहिल्या तेव्हा तर फारच हसले. पोरगी ठणठणीत आहे, तसं काही नाही. पण आज दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले आणि तुमची आठवण जाता जाईना, म्हणून लिहायला बसले.

मी लोणावळ्याची, वडील रेल्वेत, सातवीपर्यंत शिकलेली. मळवलीला तुमची सून होऊन आले तेव्हा तुमची फार धास्ती वाटायची. लावणीच्या दिवसांत तुम्ही सगळ्या बायकांच्या पुढे असायचात, आणि मी चिखलात पाय कुठं टाकावा म्हणून उभीच. पण तुम्ही कधी टाकून बोलला नाहीत. बोलायला लागलात ते पुढे काही वर्षांनी, आणि तेही फक्त मिठावरून. अजून दिसतं मला. मी ताट पुढे ठेवते, तुम्ही आमटीचा एक घोट घेता आणि ताट सरकवता.

"मीठ घातलंस का न्हाई?"

"घातलंय, आत्याबाई."

"मंग गेलं कुटं ते?"

हे म्हणायचे, "आये, बराबर हाय की." तुम्ही त्यांच्याकडे बघायच्याही नाहीत. मी परसात जाऊन रडायची. मला वाटायचं, शिकलेली सून तुम्हाला नकोशी झाली. मग एकदा तांदूळ काढायला आतल्या खोलीत आले तर तुम्ही मडक्यातले मिठाचे खडे तोंडात टाकत होता, लहान मुलं साखर खातात तसे. मला पाहून दचकलात. "बगतीस काय? जिवाला बरं वाटतं," म्हणालात. त्या दिवसापासून मी रडणं सोडलं आणि तुमच्या ताटात मिठाची वाटी वेगळी ठेवायला लागले.

हळूहळू तुम्ही बदलत गेलात. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा. चैत्रातसुद्धा घोंगडी पांघरून बसायचात. बोलता बोलता डोळा लागायचा. आणि रंग काळवंडला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, उन्हानं रापली. पण त्या वर्षी तुम्ही शेतात पाऊलच टाकलं नव्हतं, आणि तळहाताच्या रेषा काही उन्हानं काळ्या होत नाहीत. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गळ्यातली ग्रंथी मंदावली आहे. मेंढीच्या त्याच ग्रंथीपासून केलेल्या गोळ्या त्यांनी दिल्या. मी तुम्हाला सगळं समजावून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "म्हंजी आता म्यां बें बें करणार व्हय गं?" किती दिवसांनी हसलो आपण दोघी.

थोडे दिवस तुम्ही तरतरीत दिसलात. घोंगडी बाजूला टाकलीत. मग अन्न नको झालं, उलट्या सुरू झाल्या, आणि एका सकाळी अंगणात उभ्या राहिलात तशा खालीच कोसळलात. यांनी तुम्हाला उचलून बैलगाडीत घातलं, आपण स्टेशन गाठलं, तिथून पुणे. सगळ्या वाटेत तुमचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडत चालला होता.

तिथल्या डॉक्टरबाईंनी नाडी पाहिली, गोळ्यांचं विचारलं, मग तुमचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. काळे डाग होते. "यांना खायला काय आवडतं?" असल्या वेळी हे काय विचारतात, असं मला वाटलं. मी म्हणाले, "मीठ." त्यांनी गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. शिरेतून मिठाचं पाणी लावलं, आणि कसल्या तरी अर्काची सुई दिली. दोन दिवस तुम्ही कुणाला ओळखलं नाहीत.

तुम्ही उठून बसल्यावर त्यांनी आपल्याला समजावलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहानशा ग्रंथी असतात. त्यांच्या रसावाचून अंगात मीठ टिकत नाही, ताकद राहत नाही. तुमच्या त्याही थकल्या होत्या. गळ्यातली ग्रंथी मंद होती तोवर सगळं शरीरच मंद चाललं होतं, म्हणून तेवढ्याशा रसावर निभत होतं. गोळ्यांनी शरीराला जाग आली, काम वाढलं, आणि होता तो रस भराभर संपला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "दोन्ही बैल दमलेलं. येकाला पेंड चारली, त्यो पळाया लागला, आन दुसरा जुवाखाली पडला."

डॉक्टरबाई हसल्या. "अगदी तसंच. म्हणून आधी दुसऱ्याला चारायचं."

तसंच केलं. आधी त्या टोपीसारख्या ग्रंथींच्या अर्काची सुई आणि मीठ, अंगात जीव आल्यावर मग त्या गोळ्या, त्याही चतकोर चतकोर करून. घरी आलात आणि पुढच्या पावसाळ्यात बांधावर बसून बायकांना हाका मारायला लागलात. आमटीला कधी नावं ठेवली नाहीत त्यानंतर. काही वर्षं मिळाली आपल्याला. मग ते दुसरं महायुद्ध सुरू झालं, परदेशातून येणारी सुई आज मिळे, उद्या न मिळे, आणि सुई न मिळालेल्या अशाच दिवसांत तुम्हाला ताप भरला. या वेळी स्टेशनापर्यंतही पोचता आलं नाही. शेवटचं माझ्याशी बोललात ते, "वासराला पानी दाव." मी पाणी दाखवून परत आले, तोवर तुम्ही गेला होतात.

हे कुठं पाठवणार? तुम्हाला अक्षर येत नव्हतं, सगळं मीच वाचून दाखवायची. पण एक गोष्ट मी यांनाही कधी सांगितली नाही. पुण्यात तुम्ही बऱ्या होत होता, त्या दिवसांत सकाळी आपण व्हरांड्यात उन्हाला बसायचो. मी तुमचे केस विंचरायची. चूल नाही, गोठा नाही, कुणाची हाक नाही. इंद्रायणीत भावांबरोबर पोहायला शिकल्याचं तुम्ही मला तिथंच सांगितलंत. घरी न्यायला परवानगी मिळाली, तेव्हा मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं, "अजून चार दिवस नाही का ठेवता येणार?" सगळ्यांना वाटलं, सुनेला केवढी काळजी. काळजी होतीच, आत्याबाई. पण खरं म्हणजे मला घरी जायचंच नव्हतं.