पोटाचा अंगठा

बाबा, काल तुमच्यामुळे मला वहिनीशी खोटं बोलावं लागलं. ते शेवटी सांगते, आधी तुमच्या अंगठ्याचं.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची गोष्ट. नांगराची दोरी हाताला वेढलेली, तेवढ्यात लाटेने होडी खेचली आणि तुमच्या उजव्या हाताचा अंगठा समुद्राला गेला. किनाऱ्यावर उतरून तुम्ही म्हणालात, "होडी वाचली." आईने हात बघितला आणि ती तिथेच वाळूत आडवी झाली. जखम भरली, पण जेवणाचं काय? अंगठ्याशिवाय घास तोंडात ढकलता येत नाही. कढी कोपरापर्यंत ओघळायची. डावा हात ताटाला लावायचा नाही, आणि चमच्याचं नाव काढलं की, "मी काय सायब आसंय?" शेवटी आई भरवायची, तेही आधी दार लावून. भरदुपारी आमचं दार बंद, त्यामुळे शेजारच्या काकीची खात्रीच पटली की आम्ही लपूनछपून महागडी इसवण मासळी खातो. तिने फटीतून हाक मारली, "वाटीभर कढी तरी दी गो!" आणि तुमचा घास घशातच अडकला. त्यानंतर तुम्ही पंगती सोडल्यात. सख्ख्या भाच्याच्या लग्नात पोट बिघडल्याचं सांगून मांडवाबाहेर बसलात. मी पान झाकून आणलं तर तुम्ही रडत होतात. तोवर मला वाटायचं, तुम्हाला रडताच येत नाही.

मग मामा मुंबईला गिरणीत होता म्हणून आपण आगबोटीने तिकडे गेलो. इस्पितळातले मोठे डॉक्टर समजावतायत: पोटाच्या कातडीची नळी करायची, ती हाताला शिवायची, मागाहून आत कमरेच्या हाडाचा तुकडा घालायचा, कातडी हातावर धरेपर्यंत हात पोटालाच जोडलेला राहणार. तुम्ही कचेरीतल्या मराठीत विचारता, "म्हणजे हात पोटावर ठेवून नुसतं बसून राहायचं?" डॉक्टर हो म्हणतात. तुम्ही आईकडे वळून हळूच म्हणता, "ह्या माका जमतला." आई म्हणते, "ता तुमका आधीपासून जमता." डॉक्टर हसले नाहीत, त्यांना बहुधा कळलंच नाही. त्यांनी एक मात्र बजावलं: नवा अंगठा घास ढकलेल, पण त्याला गरम-थंड कळणार नाही.

घरी आल्यावर दार लावणं सोडाच, तुम्ही पाट बाहेर खळ्यात मांडायला लावलात. सगळी वाडी जमली. अंगठा म्हणजे बिननखाचा, गोरा, गुबगुबीत. पोरांनी लगेच त्याला 'पोटाचो अंगठो' नाव ठेवलं. भातावर बांगड्याची कढी आली. पहिला घास गेला, ओघळ नाही. दुसरा गेला. आई पदराने डोळे पुसत होती आणि तुम्ही चारी बोटं वर धरून इस्पितळाच्या गोष्टी रंगवत होतात. अंगठा तेवढा वाफाळत्या कढीत बुडालेला. काकी ओरडली, "अरे, अंगठो शिजता तुझो!" चांगला टरटरून फोड आला.

तेव्हापासून तुमच्या भातात पहिलं बोट माझं. "गरम आसा काय गो?" "वायच थांबा." पंगतीत सगळ्या बाप्यांसमोर वाकून तुमच्या भातात बोट घालताना मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. तुम्ही मात्र मजेत. तुम्ही सुटलात तसा अंगठाही सुटला, शेवटी पोटाचाच तो. आई म्हणायची, "जेवण कमी करा, अंगठो मुठीत मावाचो नाय." मला कट्टा गावचं स्थळ आलं तर मुलाची चौकशी करायच्या आधी तुम्ही विचारलंत, "इतक्या लांब? मगे माझो भात कोण बघतलो?" कट्टा, बाबा! सकाळी एसटीने जाऊन दुपारी जेवायला परत येता येतं. मी तेव्हा हसले होते. सासरी पहिल्या दिवशी भात वाढताना मात्र मला रडू आवरेना.

तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा मी आता म्हातारी झाले आहे. काल तुमचा म्हाळ होता, म्हणून माहेरी आले. वहिनीने पान वाढलं: वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वाफाळता भात. पितरांचं पान, त्याला कुणी बोट लावायचं नाही. ते बाहेर ठेवायला मी निघाले आणि उंबऱ्यात माझं बोट आपसूक भातात गेलं. वहिनी किंचाळली, "ह्या काय केलंस गो? पितरांचा पान उष्टां केलंस!"

"केस होतो," मी म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, चुलीत घालीन. वहिनीच्या हाती लागायला नको. केस नव्हता, बाबा. भात गरम होता. मी वायच थांबले, मग पान ठेवलं.