अडणीवाचून ठेवलेला शंख

इंदिरानगर, बंगळूर
१० फेब्रुवारी १९९४

सगळं तुझ्यामुळे झालं, हे आधी लिहून ठेवते. मुंजीत तूच माझ्या विद्याधरला म्हणालीस, सरकार प्रवासाचं भाडं देतंय तर अक्कालाही अंदमानला ने, तिने जन्मात समुद्र पाहिला नाही. मी मागितला होता का समुद्र?

असो. चि. वासंतीला अक्काचे आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? बेळगावात थंडी असेल, तेल लावत जा. मी जिवंत आहे, पण दाराची घंटा वाजली की निम्मी होते.

मद्रासहून बोटीने तीन दिवस. त्याबद्दल काही लिहीत नाही, मी डोळे मिटूनच होते. वाटलं, उतरून समुद्राला नारळ देऊ आणि परत फिरू. पण नीलाने (सूनबाई सगळं वहीत लिहून निघतात) मुलांना ज्ञान मिळेल अशा संग्रहालयांची यादीच आणलेली. एकात मासे बरण्यांत घातलेले, लोणच्यासारखे. एकात भाले आणि होड्या. निहार आणि शलाका ज्ञान सोडून आइसक्रीमवाला शोधत होती. आणि नीला दारातच मला सांगते, "आई, इथे कशाला हात लावायचा नसतो." जशी काही मीच पाच वर्षांची.

तिसऱ्यात शिंपले. तिथे मुलांनी हातात घेऊन बघावं म्हणून एक उघडं टेबल होतं, आणि त्यावर शंख. टेकवायला अडणी नाही, खाली कापड नाही, वर बोटभर धूळ. देवघरातली वस्तू ती. आपल्या आईने पाहिलं असतं तर तिथल्या साहेबाचा कान धरला असता. मी कोणाला न विचारता उचलला, बाहेरच्या नळावर धुतला, पुसायला पंच्यात गुंडाळला. एवढ्यात बस सुटतेय म्हणून नीला हाका मारायला लागली, मी सगळं पिशवीत कोंबून धावले. मुक्कामावर लाडवांचा डबा काढायला हात घातला तर हाताला शंख.

आता सांगायचं कोणत्या तोंडाने? शिवाय निहारने दारावरची पाटी मोठ्याने वाचली होती, इथली वस्तू नेणाऱ्याला कैद. दुसऱ्या दिवशी ते संग्रहालय बंद (मी विचारून घेतलं), तिसऱ्या दिवशी आमची बोट. आणि मधल्या त्या एका दिवसात आम्हाला काय दाखवावं? काळ्या पाण्याचा तुरुंग. तेही आता संग्रहालयच झालंय, लोक तिकीट काढून आत जातात. गाईड कोलू दाखवत होता, फाशीची जागा दाखवत होता, बायका डोळे पुसत होत्या, आणि मी पिशवी काखेत दाबून कोठडी मोजत होते, माझी सतरंजी मावेल का. (ते लोक देशासाठी आत गेले. मी धुळीसाठी जाणार.) निहार म्हणाला, आजी, हा तुरुंग कधीच बंद झालाय. मी म्हटलं, कुलूप काढायला कितीसा वेळ लागतो?

परत इथे येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर मागच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी दारात पोलीस. घरात मी एकटी. त्याच्या हातात कागद, कागदावर विद्याधरचं नाव. कन्नडात विचारतो, हे इथेच राहतात ना? मी म्हटलं, असा कोणी इथे राहत नाही. अम्मा, स्वल्प आठवून बघा, म्हणाला. घर माझं, त्यात आठवायचं काय, मी म्हटलं. त्याने काहीतरी लिहिलं, "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि गेला. मला वाटलं, वाचवला मुलाला.

तो पासपोर्टच्या चौकशीला आला होता. विद्याधरला त्याच्या सरकारी कारखान्यातून सहा महिने जर्मनीला पाठवताहेत. मला सांगितलं होतं म्हणे, पण माझं लक्ष कुठे होतं? आता अर्जावर शेरा पडलाय, दिलेल्या पत्त्यावर इसम राहत नाही. विद्याधरने ठाण्यात खेटे घालून पुन्हा चौकशी लावून घेतली, ती सोमवारी आहे. तेव्हाही नाही जमलं तर जर्मनीला दुसराच कोणी जाणार. चार घास जेवत नाही पोरगा. आपल्याबद्दल असं कोणी सांगितलं म्हणून काल वरच्या मजल्यावरच्या बसवंतांशी भांडून आला. मग मला विचारतो, "आई, तुला काही माहीत आहे का?"

"मी घरातून बाहेर जाते कुठे?" मी म्हटलं. हे खोटं नाही.

सोमवारी दार मीच उघडणार आहे. सांगणार आहे, हा माझा मुलगा, जन्मल्यापासून माझ्याकडेच राहतोय. पण तो शंख घरात असला की माझ्या तोंडून एक शब्द धड निघायचा नाही.

तुझी,
अक्का

ता. क. पत्र घेऊन आलेले आप्पाजी आमचे शेजारी. त्यांच्याकडच्या डब्यात वर चकल्या, खाली शंख. तुझा गुंडो पोस्टात आहे, त्याच्याकडून त्या संग्रहालयाला पार्सल करायला लाव. बरोबर एक अडणी घातली आहे, तीही जाऊ दे. कळू दे त्यांना.

ता. क. दुसरा. पाठवणाऱ्याचं नाव घालू नये. घालावंच लागतं असं गुंडो म्हणाला तर तुझं घाल.

ता. क. तिसरा. या पत्राचं उत्तर गुंडोनेच लिहायचं. तू तोवर घरी असशील की नाही, काय सांगावं.