रुख्माच्या राखेवर कोणतं झाड

नालवाडी, वर्धा
५ मे २०२४

ती. देवकाताईस,
चंद्रभानचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी चौतीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांची पत्रं हाताळली. तेव्हा आपल्या दोघांना हेच बरं. रुख्माला जाऊन महिना उलटला. घरात मन लागत नाही. तुझ्या संत्र्याला पाणी पुरतं आहे ना, ते कळव.

एक सल्ला हवा आहे. तेरवीलाच ठरलं होतं की रुख्माची राख नदीत सोडायची नाही. अंगणात खड्डा करायचा, त्यात राख घालायची आणि वर झाड लावायचं. इकडे आता बरेच जण तसं करतात. मृगाला लावू म्हटलं. खड्डा तयार आहे, पण कोणतं झाड लावायचं यावर माझ्या दोन्ही लेकरांचं जुळत नाही. आकांक्षा नोकरीला अल्मोड्याकडे आहे हे तुला माहीतच आहे. तिनं तिकडच्या ओकाचं रोप खोक्यात घालून पाठवलं. दोनशे वर्षं जगतं, आईच्या नावाला शोभेल, असं तिचं म्हणणं. रजत आणि सूनबाई वर्षालीनं नर्सरीतून युक्का आणला आहे. लांब, टोकदार, ताठ पानं. वर्षाली म्हणते की बाबा, याले पाणी नाई लागत, पानं नाई गळत, पाखरं नाई बसत, म्हणजे दारात घाण नाई.

दोघंही चांगल्या मनानंच सांगतात. तू मोठी आहेस. तू म्हणशील ते लावू. तोवर राखेचं गाडगं फडक्यात बांधून पोर्चच्या हुकाला टांगलं आहे.

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नकोस.

तुझा,
चंद्रभान


तळेगाव (श्यामजी पंत)
१२ मे २०२४

चि. चंद्रभान यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. संत्रा जगला आहे, विहिरीनं अजून साथ सोडलेली नाही. गुडघे दुखतात, त्यांच्यापायीच रुख्माच्या तेरवीलाही येता आलं नाही. डोळे तेवढे शाबूत आहेत, म्हणून तुझं पत्र वाचता आलं.

युक्का म्हणजे काय ते मला शेजारच्या नलूनं मोबाइलवर दाखवलं. अरे, ही तर आपल्या घायपाताची मावसबहीण! आम्ही घायपात बांधावर लावतो ते रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून. तुम्ही पैसे मोजून आणता आणि रुख्माच्या डोक्यावर रोवता? पाखरं बसत नाहीत, हा म्हणे गुण! जी बाई स्वतः घास घेण्याआधी चिमण्यांना भात टाकायची, तिच्यावर पाखरू न बसणारं झाड! लिहितानाही शिसारी येते.

आणि तो ओक. नावच असं की जेवताना घेऊ नये. आकांक्षा गुणाची पोर आहे, आईसाठी जीव तुटतो म्हणून तिनं केलं. पण थंडीतलं झाड मे महिन्यात वर्ध्याला आणायचं म्हणजे माशाला गच्चीवर वाळत घालायचं. दोनशे वर्षं राहू दे, दोन आठवडे जगलं तर कळव. सावलीला ओक बरा आणि टिकायला युक्का बरा, एवढं मलाही समजतं. पण एक इथं जगणार नाही आणि दुसरं जगून कुणाच्या कामाचं नाही.

मुळात हा तंटा काऊन? अंगणात कवठ उभं आहे ना? रुख्मानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी लावलेलं. त्याच्या बुडाशी राख घाला की झालं. दर शिवरात्रीला त्या कवठांची पिशवी मला यायची. यंदा तिचं दुखणं होतं म्हणून आली नाही, मी मनाला लावून घेतलं नाही. त्याच्याच एका बीचं झाड माझ्या विहिरीजवळच्या बांधावर बारा वर्षांचं झालं आहे. रुख्मा इथं आली की आधी त्याला हात लावायची, मग मला भेटायची.

आणि राख टांगायची तर झाडाला टांगतात. पोर्चच्या हुकाला काऊन टांगली? तुमच्याकडे पोर्च कधी झाला?

माया आहे म्हणून बोलते, नसती तर पोस्टकार्डही वाया घातलं नसतं.

तुझी ताई,
देवका


नालवाडी
१८ मे २०२४

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वर्षालीला वाचून दाखवलं नाही. घरात आधीच तापलेलं आहे, बाहेर पारा सेहेचाळीसवर गेला आहे. ओकाची पानं कडेनं करपली. आकांक्षानं सांगितलं म्हणून ते रोप आता कूलरसमोर ठेवलं आहे आणि मी बाजूच्या खोलीत पंख्याखाली निजतो. हसू नको. युक्का मात्र गच्चीवर उन्हात टाकला तरी ताठ. त्याला हलवताना टोक अंगठ्यात शिरलं, दोन दिवस ठणका होता, म्हणून अक्षर असं आलं आहे.

रजतनं घरच्या मोबाइल गटात मतदान घेतलं. युक्क्याला सात, ओकाला चार. हिंगणघाटच्या व्याह्यांनी युक्क्याला मत देऊन खाली हसरं तोंड पाठवलं. आकांक्षा फोनवर रडली. बाबा, तुमचं मत कुठं आहे, असं तिनं विचारलं. मी चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं.

कवठाचं म्हणशील तर झाड जुनं झालं होतं. पोर्चचं काम गाडीसाठी काढावं लागलं. सविस्तर भेटीत सांगेन. तू फक्त दोघांतलं एक नाव लिही, म्हणजे मला तुझा शब्द पुढे करता येईल.

राग आला असेल तर तो माझ्यावर, लेकरांवर नको.

तुझा,
चंद्रभान


तळेगाव
२४ मे २०२४

चि. चंद्रभान यास,
आशीर्वाद. आज ते या ओळीपुरतेच.

आमच्या शेतावरचा डोमाजी कामानं वर्ध्याला निघाला होता. त्याच्याजवळ तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं दिलं होतं, ते मिळालं असेल. तू घरात नव्हतास. तो परत आला आणि ओट्यावर टेकून मला म्हणाला की बाई, तिथं कवठ नाई, फरशी हाय. फरशीवर पांढरी गाडी उभी हाय, अन् गाडीच्या वर गाडगं लटकून राह्यलं. वाकून गेलो नसतो तं माह्या डोक्याले लागलं असतं. त्यानं हात धुतले, पण जेवला नाही. मलाही दोन दिवस अन्न गेलं नाही.

मतदान! रुख्माच्या मातीवर व्याह्यांनी हसरं तोंड पाठवलं, आणि तू चष्मा शोधत बसलास. मला किळस आली, चंद्रभान. पोरांची नव्हे. पोरांना गाडी दिसते, त्यांना तेवढंच दिसतं. तुझी किळस आली. लहानपणी मांजरानं पाखरू धरलं की तू असाच पाठ फिरवून उभा राहायचास, आणि नंतर मलाच विचारायचास की मेलं का.

कवठ कधी तोडलं, कुणाच्या सांगण्यानं तोडलं, आणि रुख्मानं ते पाहिलं का? एवढं सरळ लिही. तोवर मला ओक विचारू नको, युक्का विचारू नको.

देवका


नालवाडी
२८ मे २०२४

ती. ताईस,
नमस्कार लिहायला तोंड नाही, तरी लिहितो.

दिवाळीला रजतनं गाडी घेतली. जानेवारीत एक कवठ तिच्या टपावर पडलं आणि मोठा पोचा आला. तेव्हापासून त्याला झाड डोळ्यांसमोर नको झालं. फेब्रुवारीत रुख्मा दवाखान्यात होती, तेवढ्यात उरकून घेऊ म्हणाला. ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा होता, झाड पोकळ असून घरावर पडण्याचा धोका आहे म्हणून. तो अर्ज मी लिहिला. माझं अक्षर चांगलं, घर माझ्या नावावर, सही माझी. झाड पोकळ नव्हतं. आतून भरीव, पिवळं निघालं. पुन्हा फुटू नये म्हणून बुंध्याला भोकं पाडून त्यात औषध ओतलं आणि वर फरशी बसवली. तो वास मला अजून ताटावर येतो. तिथं तिला ठेवता येणार नाही.

दवाखान्यातून आणली तेव्हा ती त्याच गाडीतून उतरली. एकदा वर पाहिलं. कुणी तोडलं, हेही विचारलं नाही. पुढचा सगळा महिना भिंतीकडे तोंड करून निजली. जायच्या दोन दिवस आधी मला जवळ बोलावलं आणि म्हणाली की मले या अंगणात नोका ठेवू. ताईकडं नेजा, तिच्या बांधावरच्या कवठाखाली. मी हो म्हटलं.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. बायको आपल्या घराच्या मातीत राहायला तयार नव्हती, हे चारचौघांत कसं सांगू? म्हणून लेकरं झाडांवरून भांडत राहिली आणि मी भांडू दिली. तुझ्याकडून एक नाव आलं असतं तर तिचं बोलणं झाकलं गेलं असतं. ओक काल मेला. युक्का उभा आहे. माझं मलाच ओंगळ वाटतं.

बोलाव की नको, ते तू ठरव.

चंद्रभान


तळेगाव
१ जून २०२४

चि. चंद्रभान यास,

पत्र दोनदा वाचलं. किळस गेलेली नाही, आणि ती जावी म्हणून मी काही करणारही नाही.

पण तो निरोप माझ्या नावाचा होता. चौतीस वर्षं पोस्टात काढलीस, कुणाचं पत्र एक दिवस दाबलं नाहीस म्हणून सांगायचास. बायकोचा शेवटचा निरोप मात्र दोन महिने खिशात ठेवलास.

मृग निघेल त्या दिवशी, सात तारखेला, तिला घेऊन ये. डोमाजीनं बांधावरची जागा साफ केली आहे. वर काही लावायचं नाही, कवठ आहे. तुझ्या अंगणातल्या खड्ड्यात वर्षालीला खुशाल युक्का लावू दे. तिला बोल लावू नको, अर्ज तिनं लिहिला नव्हता. आकांक्षाला मी दोन ओळी टाकते, की रोप गेलं त्यात तिचा दोष नाही, सुटी मिळाली तर ये.

दोन दिवस राहा. जेवायला वाढीन. बोलेन की नाही ते आज सांगता येत नाही.

लोभ तुटलेला नाही. तो वाढव, असं मात्र या खेपेस लिहीत नाही.

देवका

ता. क. त्या गाडीतून आणू नको. एस.टी.नं ये, आर्वीला बदल. गाडगं पिशवीत घालू नको, मांडीवर घेऊन बस.